विश्लेषण : हदीसचा महासंग्रह लावणारे बुऱ्हाणपूरचे अली मुत्तकी कोण होते?

भुसावळहून खांडव्याकडे जाणारी गाडी रावेर ओलांडते आणि थोड्याच वेळात बुऱ्हाणपूर येते. मुमताज महल १६३१ मध्ये इथेच वारली, एवढे अनेकांना ठाऊक असते. पण कैरो, मक्का, बैरूतच्या ग्रंथालयांत या गावाशी जोडलेले नाव वेगळेच आहे, अली मुत्तकी अल-हिंदी.

त्यांचा जन्म १४८० च्या सुमाराचा. घराणे मूळचे जौनपूरचे. बुऱ्हाणपूर तेव्हा खान्देशच्या फारुकी सुलतानांचे होते आणि गावाचे नावही खुलताबादच्या बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्यावरून पडलेले. वडिलांनी लहानग्या अलीला शाह बाजन या सूफींच्या पायाशी नेले. तरुणपणी मांडूच्या दरबारात काही काळ चाकरी झाली. मग मन उडाले आणि ते थेट मुलतानला, हुसामुद्दीन मुत्तकी यांच्याकडे शिकायला गेले. ‘मुत्तकी’ म्हणजे ईश्वराचे भय बाळगून वागणारा.

पुढे गुजरात. सुलतान बहादूरशहाने पाठवलेला एक कोट टंक्यांचा नजराणा त्यांनी भेट घडवून आणणाऱ्या काझीलाच देऊन टाकला, असे चरित्रकार सांगतात. आकडा फुगवलेला असेलही, पण दरबारापासून चार हात दूर राहण्याचा त्यांचा स्वभाव बाकीच्या आयुष्यातही दिसतो. १५३५ च्या सुमारास हुमायूनच्या स्वारीने गुजरात ढवळून निघाले, त्या धामधुमीच्या काळात ते मक्केला गेले आणि तिथलेच झाले.

नेमके काम काय केले?

हदीस म्हणजे पैगंबरांचे बोलणे, वागणे आणि त्यांची मूकसंमती यांच्या पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेल्या नोंदी. बुखारी, मुस्लिम आदींचे प्रमाण मानलेले संग्रह नवव्या शतकातले. त्यानंतर संग्रह वाढतच गेले. कैरोचे जलालुद्दीन सुयूती (निधन १५०५) यांनी ते सगळे एकत्र करण्याचा घाट घातला. अडचण मांडणीची होती. वचने त्यांच्या पहिल्या शब्दाच्या वर्णानुक्रमे लावलेली आणि कृतींच्या नोंदी त्या सांगणाऱ्या सहकाऱ्यांच्या नावांखाली. म्हणजे उधारीच्या व्यवहाराबद्दल काही शोधायचे, तर वचनाचा पहिला शब्द आधीच पाठ हवा! ज्याला तो पाठ आहे, त्याला ग्रंथ उघडण्याची गरजच काय?

अली मुत्तकींनी सगळा ढीग उपसला आणि विषयवार लावला. श्रद्धा, व्यापार, विवाह, नमाज अशी प्रकरणे केली आणि प्रकरणांची नावे वर्णानुक्रमे ठेवली. ‘कन्झ अल-उम्माल’ या ग्रंथाच्या छापील आवृत्तीत ४६ हजारांहून अधिक नोंदी आहेत. मक्केतले त्यांचे गुरू अबुल हसन बकरी म्हणत, की सुयूतींचे जगावर उपकार आहेत आणि मुत्तकींचे सुयूतींवर. इब्न हजर हैतमी हे तर आधी त्यांचे शिक्षक होते, नंतर शिष्य झाले.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायला हवी. या ग्रंथात एखादी नोंद आहे म्हणून ती खरी ठरत नाही. बळकट, कमकुवत, काही तर बनावट मानलेल्या नोंदीही त्यात आहेत. सांगणाऱ्यांची पूर्ण साखळी गाळलेली आहे, शेजारी मूळ ग्रंथाचे अक्षरचिन्ह तेवढे आहे. त्या खुणेवरून मूळ ग्रंथापर्यंत जाणे वाचकाचे काम. मोबाइलवर ‘कन्झ’चा हवाला देऊन फिरणारे संदेश हे काम क्वचितच करतात.

त्यांची दुसरी बाजू कठोर होती. जौनपूरचे सय्यद मुहंमद यांना महदी मानणारा पंथ गुजरात-दख्खनेत पसरत होता. मुत्तकींनी त्याविरुद्ध पुस्तक लिहिले आणि मक्केतल्या चारही सुन्नी परंपरांच्या मुफ्तींकडून फतवे मिळवले. हे भांडण ग्रंथांपुरते राहिले नाही. त्यांचे शिष्य, पाटणचे मुहंमद ताहिर यांनी महदवींचा बीमोड होईपर्यंत पगडी न घालण्याचा पण केला होता. १५७३ मध्ये गुजरात जिंकल्यावर अकबराने स्वतःच्या हातांनी त्यांना पगडी बांधली. १५७८ मध्ये माळव्यातून जाताना त्यांचा खून झाला. हदीसमधील अवघड शब्दांचा त्यांचा कोश आजही वापरला जातो.

मक्केत मुत्तकींचा दिवस नकला करण्यात जाई. दुर्मीळ ग्रंथांच्या प्रती करवून ते गरजूंना पाठवत. शाई स्वतः घोटत आणि विद्यार्थ्यांना वाटत. सुंदर हस्ताक्षराच्या अब्दुल वहाब यांना त्यांनी जवळ ठेवून घेतले. हे मांडूचे, पण कुटुंब बुऱ्हाणपुरात येऊन राहिलेले.

१५६७ मध्ये, चांद्रवर्षांच्या हिशेबाने नव्वदीत, मुत्तकींचे मक्केत निधन झाले. वीसेक वर्षांनी दिल्लीचे अब्दुल हक मक्केला आले आणि अब्दुल वहाब यांच्याकडे ‘मिश्कात’ हा हदीससंग्रह शिकले. परतल्यावर त्यांनी त्यावर अरबीत आणि फारसीत भाष्ये लिहिली. मुत्तकींच्या आयुष्याची बरीचशी माहितीही अब्दुल हक यांच्याच लेखणीतून आली आहे. ‘कन्झ’ छापून निघाला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, निजामाच्या हैदराबादेत, दाइरतुल मआरिफ या संस्थेत.