बाईंचे आगरकर

नववीत वादविवादाच्या तयारीला मराठीच्या बाईंनी आगरकरांचा निबंध दिला होता, आठवतं? प्रश्न कुठे, दाखला कुठे, विरोधकाचं म्हणणं कुठे, सगळीकडे पेन्सिलीने खुणा! मी जाम कंटाळले होते.

टेंभूत १८५६ साली गरीब घरात जन्मलेले आगरकर शिकले आपल्या वऱ्हाडात, अकोल्याला. ‘केसरी’चे ते पहिले संपादक. मतभेदानंतर १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला आणि त्याच वर्षी ‘वाक्यमीमांसा’ हे व्याकरणाचं पुस्तकही! समाजाशी भांडणारा माणूस वाक्याचे सांधे तपासत बसला होता. चिडलेल्या लोकांनी जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली. ते लिहीतच राहिले. १८९५ मध्ये, चाळिशीआधीच गेले.

मी आता त्यांच्याहून मोठी. ऑफिसात एखादी गोष्ट पटवायची असली की आधी समोरच्याचा आक्षेप लिहून काढते. बाई, ती वही अजून नागपूरच्या घरी आहे.