बादलीतल्या हातापासून मनगटापर्यंत

छातीत धडधडायला लागले की डॉक्टर पहिल्यांदा ईसीजी काढून आणायला सांगतात. पाच-दहा मिनिटांत चौकटींच्या कागदाची पट्टी हातात पडते. आता तर काही मनगटी घड्याळेही अशी पट्टी काढून मोबाइलवर दाखवतात. हृदयाची ही रेषा अचूक आणि वाचता येईल अशी पहिल्यांदा उमटवली ती विलेम आइन्टहोवेन या डच शास्त्रज्ञाने. त्यांचे यंत्र मात्र दोन खोल्या व्यापणारे आणि सुमारे २७० किलो वजनाचे होते!

आइन्टहोवेन यांचा जन्म २१ मे १८६० रोजी जावा बेटावरील सेमारांग येथे झाला. तेव्हा तिथे डचांची सत्ता होती. वडील डॉक्टर होते. पण विलेम लहान असतानाच ते वारले. आई सहा मुलांना घेऊन १८७० मध्ये नेदरलँड्समधील उट्रेख्त शहरात परतली. वडिलांप्रमाणेच डॉक्टर व्हायचे म्हणून विलेम यांनी तिथेच वैद्यकशास्त्राला प्रवेश घेतला. त्यांचा ओढा मात्र भौतिकशास्त्राकडे होता. पदवीनंतर लगेच, जेमतेम पंचविशीत, लायडन विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापकपद त्यांच्याकडे आले. पुढची चाळीसहून अधिक वर्षे, मृत्यूपर्यंत, ते त्याच पदावर राहिले.

हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर सूक्ष्म वीज निर्माण होते, हे तेव्हा माहीत झाले होते. लंडनमधील ऑगस्टस वॉलर यांनी १८८७ मध्ये माणसाच्या हृदयातील या विजेची नोंद त्वचेवरूनच करून दाखवली होती. त्यासाठी वापरलेल्या उपकरणात काचेच्या केसासारख्या नळीत पारा असे आणि वीज बदलली की तो वर-खाली होई. अडचण अशी की पारा जड आणि सुस्त. हृदयातील वीज झरझर बदले आणि पारा मागे रेंगाळे. त्यामुळे उमटणारी रेषा खऱ्या रेषेची ओबडधोबड सावली असे. आइन्टहोवेन यांनी आधी गणिताने ही चूक दुरुस्त केली. त्यातून हाती आलेल्या पाच उंचवटे-खळग्यांना त्यांनी पी, क्यू, आर, एस, टी ही नावे दिली. जगभरचे डॉक्टर आजही तीच वापरतात.

पण प्रत्येक रुग्णासाठी कोण एवढे गणित करत बसणार? उपकरणच असे हवे, की जे बरोबर रेषा थेट उमटवेल. आइन्टहोवेन यांनी पाऱ्याऐवजी क्वार्ट्झचा अतिशय बारीक धागा घेतला. त्यावर चांदीचा मुलामा देऊन तो शक्तिशाली विद्युतचुंबकाच्या दोन टोकांमध्ये ताणून बसवला. हृदयाकडून आलेली वीज धाग्यातून गेली की धागा किंचित हले. त्यावर प्रखर प्रकाश टाकून त्याची मोठी केलेली सावली सरकत्या फोटोपट्टीवर टिपली जाई. या यंत्राची माहिती त्यांनी १९०१ मध्ये प्रसिद्ध केली.

यंत्र चालवायला पाच माणसे लागत. विद्युतचुंबक इतका तापे, की तो थंड ठेवायला पाणी खेळवावे लागे. रुग्णाला दोन्ही हात आणि डावा पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावे लागे. चिकटवायच्या पट्ट्या अजून आलेल्या नव्हत्या. खारे पाणीच त्वचेवरची वीज तारेपर्यंत पोहोचवी.

आता प्रश्न उभा राहिला, तो रुग्णाचा. यंत्र प्रयोगशाळेत आणि रुग्ण दीड किलोमीटरवरच्या रुग्णालयात. यंत्र हलवता येत नव्हते आणि हृदयविकाराच्या रुग्णाला हलवणे धोक्याचे. आइन्टहोवेन यांनी दोन्ही जागच्या जागी ठेवले आणि मधे टेलिफोनची तार वापरली. १९०५ मध्ये रुग्णालयातील माणसाच्या हृदयाची रेषा प्रयोगशाळेत उमटली. गावातल्या दवाखान्यात काढलेला ईसीजी आज शहरातले तज्ज्ञ पडद्यावर पाहतात, त्याची सुरुवात या तारेत आहे.

यंत्र लायडनपुरते राहिले असते, तर त्याचा रुग्णांना फारसा उपयोग झाला नसता. इंग्लंडमधील केंब्रिज सायंटिफिक इन्स्ट्रुमेंट कंपनीने ते बनवून विकायला घेतले आणि हळूहळू त्याचा आकार कमी केला. लंडनचे डॉ. थॉमस लुईस यांनी ते रुग्णांवर नेटाने वापरले आणि हृदयाच्या अनियमित ठोक्यांचे प्रकार उलगडून दाखवले. पट्टी कुठेही काढली तरी सारखीच वाचता यावी म्हणून आइन्टहोवेन यांनी मोजमापही ठरवून दिले होते : कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकावा आणि एक मिलिव्होल्टसाठी रेषा १० मिलिमीटर चढावी. ईसीजीच्या कागदावर आजही हेच माप चालते.

या कामासाठी १९२४ मध्ये त्यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. यंत्र घडवताना राबलेल्या आपल्या जुन्या साहाय्यकाचा त्यांनी नंतर शोध घेतला. तो हयात नाही असे कळल्यावर पारितोषिकाच्या रकमेतील वाटा त्याच्या बहिणींना दिला, असे सांगितले जाते. सप्टेंबर १९२७ मध्ये लायडन येथे त्यांचे निधन झाले.

ईसीजी काढणारे घड्याळ डाव्या मनगटावर बांधून त्याला उजव्या हाताचे बोट लावायचे असते. म्हणजे डावा हात आणि उजवा हात यांमधील विजेचा फरक मोजायचा. आइन्टहोवेन यांच्या तीन जोडण्यांपैकी ही पहिली जोडणी. खाऱ्या पाण्याची दोन भांडी गेली आणि त्यांच्या जागी धातूचे दोन ठिपके आले, एवढाच बदल!

मात्र घड्याळाची मर्यादाही यातच आहे. रुग्णालयातील ईसीजी हृदयाकडे बारा कोनांतून पाहतो, घड्याळ एकाच. ठोके अनियमित पडत असतील, तर ते त्याला पकडता येऊ शकते. हृदयविकाराचा झटका मात्र ते ओळखू शकत नाही. त्यामुळे छातीत दाटून आले, घाम फुटला, डावा हात किंवा जबडा दुखू लागला, तर घड्याळ सगळे ठीक सांगत असले तरी त्यावर विसंबू नये. १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी आणि बारा जोडण्यांचा ईसीजी जिथे निघतो, तिथे लगेच पोहोचावे.