कार्ल बेंझ आणि बिनघोड्याची गाडी

वाचकहो, १९७० साली साऱ्या ओमान देशात पक्का डांबरी रस्ता मिळून सुमारे १० किलोमीटर होता, असे आज मस्कतच्या एखाद्या तरुणाला सांगितले तर तो आपल्या तोंडाकडे पाहत राहील. त्या काळी मस्कतच्या तटाचे दरवाजे सूर्यास्तानंतर तीन तासांनी बंद होत, आणि त्यानंतर जो बाहेर पडे त्याने हाती कंदील धरलाच पाहिजे असा दंडक होता. सुलतान सैद बिन तैमूर यांच्या परवानगीवाचून कोणाला मोटार आणता येत नसे. त्याच वर्षीच्या जुलैत त्यांचे पुत्र काबूस गादीवर आले. खनिज तेल १९६७ पासून परदेशी जाऊ लागले होते, त्याचा पैसा रस्त्यांना लागला, आणि जिथे उंट आणि गाढव यांचीच वाट होती तिथे एका पिढीत रुंद हमरस्ते झाले. नोकरीधंद्यासाठी तिकडे गेलेली आपली मराठी कुटुंबे आज त्याच रस्त्यांवरून ये-जा करतात, आणि तीन टोकांचा तारा नाकावर मिरवणाऱ्या जर्मन गाड्या त्यांना रोज दिसतात.

मस्कतमध्ये मर्सिडीज म्हटले की श्रीमंती आठवते. महाराष्ट्रातल्या खेड्यातील वयस्कर माणसाला मात्र मर्सिडीज म्हटले की ट्रक आठवतो. ते का, हे पुढे येईलच. मर्सिडीज हे एका मुलीचे नाव, आणि ती गाडी घडविण्यात त्या मुलीचा काडीचाही संबंध नव्हता. ज्याने गाडी घडविली त्याचे आडनाव जोडनावात मागे उभे आहे, ते म्हणजे बेंझ. आज आम्ही त्याचीच कथा सांगणार आहोत, आणि त्याच्याबरोबर त्याच्या बायकोचीही, कारण एकाला सोडून दुसऱ्याची सांगता येत नाही.

कार्लचा जन्म २५ नोव्हेंबर १८४४ रोजी जर्मनीतील कार्ल्सरूए शहराजवळच्या म्यूलबुर्ग येथे झाला. बाप आगगाडीच्या इंजिनाचा ड्रायव्हर. पोर दोन वर्षांचे व्हायच्या आतच तो न्यूमोनियाने वारला. आई योसेफीने हिच्याजवळ पैसा नव्हता, पण मुलाला शिकवायचे हा तिचा हट्ट होता. कष्ट करून तिने त्याला चांगल्या शाळेत घातले आणि पंधराव्या वर्षी तो कार्ल्सरूएच्या तंत्रविद्यालयात दाखल झाला. आगगाडीच्या बापाचा मुलगा म्हणून त्याला वाफेच्या इंजिनाचे वेड असणे स्वाभाविकच होते. तेथे फेर्डिनांड रेडटेनबाखर नावाचे यंत्रशास्त्राचे मोठे गुरू होते, त्यांच्या हाताखाली तो शिकला. एकोणिसाव्या वर्षी, १८६४ मध्ये, पदवी घेऊन बाहेर पडला.

त्यानंतरची सात वर्षे म्हणजे नुसती धरसोड. इथे यंत्रशाळेत, तिथे वजनकाट्यांच्या कारखान्यात नक्षे काढण्याचे काम, मग पूल बांधणाऱ्या कंपनीत. कुठेच जीव रमेना. शेवटी १८७१ साली मानहाइम शहरात आउगुस्ट रिट्टर नावाच्या भागीदाराबरोबर त्याने लोखंडी कामाचा छोटा कारखाना काढला. हा भागीदार भरवशाचा निघाला नाही, आणि धंदा पहिल्याच वर्षी बुडण्याच्या बेतात आला.

इथे बेर्था रिंगर आपल्या कथेत येते. फोर्झहाइमच्या एका सधन बांधकाम व्यावसायिकाची ही मुलगी, जन्म ३ मे १८४९ चा. ती जन्मली तेव्हा घरच्या बायबलात, पुन्हा दुर्दैवाने मुलगीच झाली, अशा अर्थाची नोंद केली गेली होती असे सांगतात. अशी नोंद आपल्याकडच्या कितीतरी घरांत कागदावर नसेल, पण मनात असे, हे आम्ही वाचकांना सांगायला नको. याच मुलीने आपल्या लग्नासाठी बाजूला ठेवलेला पैसा लग्नाआधीच मागून घेतला आणि त्यातून रिट्टरचा हिस्सा विकत घेतला. कारखाना कार्लचा झाला. २० जुलै १८७२ रोजी दोघांचे लग्न लागले. त्या काळच्या कायद्याप्रमाणे लग्न झालेल्या बाईला स्वतःच्या नावावर धंदा चालविणे दुरापास्तच होते. म्हणून पैसा बेर्थाचा आणि कागदावर नाव कार्लचे, असा तो संसार सुरू झाला.

हाल संपले नव्हते. १८७७ मध्ये कर्जापायी कारखान्यातील हत्यारे जप्त होण्याची वेळ आली. तशाही स्थितीत कार्ल रात्ररात्र एका गॅसच्या इंजिनावर खपत होता. १८७९ च्या शेवटच्या रात्री, सारे गाव नव्या वर्षाची वाट पाहत असताना, नवराबायको कारखान्यात गेली आणि ते इंजिन प्रथमच नीट, न थांबता चालले. पुढे भांडवलवाले मिळाले. पण त्यांच्या कंपनीत कार्लचा वाटा अवघा ५ टक्के, आणि त्याच्या यंत्रात ढवळाढवळ मात्र सर्वांची. तो १८८३ मध्ये तिथून निघाला आणि सायकलींचे दुकान चालविणाऱ्या दोघा गृहस्थांबरोबर त्याने नवी कंपनी काढली, बेंझ आणि कंपनी. ही कंपनी जागच्या जागी चालणारी इंजिने विकून पोट भरी, आणि उरलेल्या वेळात कार्ल आपली बिनघोड्याची गाडी बनवी.

ती गाडी १८८५ मध्ये तयार झाली. तिला सायकलीसारखी तारांची तीन चाके होती. मागे एकच सिलिंडर असलेले इंजिन, ताकद पाऊण अश्वशक्ती, आणि वेग फार तर ताशी १६ किलोमीटर. आमच्या वर्गातली पोरे हे ऐकून हसतात, सायकलवाला पुढे जाईल म्हणतात. बरोबर आहे. पण त्या इंजिनात आजच्या मोटारीच्या कामाची सारी बाराखडी होती. हवा आणि इंधनाची वाफ आत ओढायची, दाबायची, विजेच्या ठिणगीने पेटवायची आणि जळलेला धूर बाहेर टाकायचा, अशा चार टप्प्यांत ते चाले. जुन्या घोडागाडीला इंजिन लावण्याचा मार्ग कार्लने घेतला नाही. गाडी आणि इंजिन त्याने एकमेकांसाठीच आखले. २९ जानेवारी १८८६ रोजी त्याने ३७४३५ क्रमांकाच्या पेटंटासाठी अर्ज केला. तोच दिवस आज मोटारीचा जन्मदिवस मानला जातो.

पेटंट झाले, पण गाडी घेणार कोण? लोक तमाशा पाहायला जमत आणि घरी जात. कार्लचा स्वभाव असा की गाडीत काही ना काही सुधारायचे राहिलेच आहे असे त्याला सतत वाटे. सारे पैसे त्या यंत्रात गेलेले, घरात मुले वाढत चाललेली. बेर्थाने हे किती दिवस पाहावे?

१८८८ च्या ऑगस्टमध्ये शाळांना सुटी होती. एके दिवशी भल्या पहाटे नवरा झोपेत असताना तिने थोरले दोन मुलगे, पंधरा वर्षांचा ऑयगेन आणि धाकटा रिशार्ट, यांना उठविले, आवाज होऊ नये म्हणून गाडी ढकलतच बाहेर काढली आणि माहेरची, फोर्झहाइमची वाट धरली. अंतर शंभर किलोमीटरहून थोडे अधिक. तोपर्यंत कोणीही मोटार गावाबाहेर इतकी दूर नेली नव्हती. रस्ते घोड्यांचे, खाचखळग्यांचे. इंजिन थंड ठेवणारे पाणी वाफ होऊन उडून जाई, म्हणून जिथे विहीर किंवा ओढा दिसे तिथे थांबून पाणी भरावे लागे. इंधन संपत आले तेव्हा वीसलोख गावातल्या औषधाच्या दुकानातून तिने लिग्रॉइन विकत घेतले. कपड्यांवरचे डाग काढायला वापरतात ते हे द्रव. त्या दुकानदाराला आपण जगातला पहिला पेट्रोल पंप चालवीत आहो याची काय कल्पना! इंधनाची नळी तुंबली ती तिने टोपीच्या पिनेने साफ केली. तारेचे वेष्टण झिजले तिथे मोज्याचा पट्टा गुंडाळला. साखळीसाठी लोहार गाठला. लाकडी ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. चढ आला की मुलांनी उतरून गाडी ढकलावी. अंधार पडता पडता ती माहेरी पोचली आणि नवऱ्याला तार केली. काही दिवसांनी त्याच गाडीने परतही आली.

हा बायकी धाडसाचा किस्सा म्हणून सांगण्याची पद्धत आहे. आम्हांस ते पटत नाही. बेर्थाने जे केले त्याला आजचे इंजिनियर चाचणी म्हणतील. गाडी चढावर कमी पडते हे तिने घरी येऊन सांगितले, आणि चढासाठी आणखी एक गिअर बसला. ब्रेकला चामडे लावण्याची कल्पनाही त्या वाटेवरचीच. आणि ज्या यंत्राला लोक खेळणे समजत होते ते एक बाई दोन पोरांना घेऊन माहेरी जाण्याइतके भरवशाचे आहे, हे गावोगावच्या लोकांनी डोळ्यांनी पाहिले.

नंतर दिवस पालटले. पॅरिसमध्ये एमिल रोजे नावाचा विक्रेता मिळाला, १८९४ पासून वेलो नावाची हलकी आणि स्वस्त गाडी निघाली, ती काही वर्षांत बाराशेच्या आसपास खपली. एकोणिसावे शतक संपताना बेंझची कंपनी जगातील सर्वांत मोठी मोटार कंपनी होती. १८९९ या एका वर्षात तिने ५७२ गाड्या बनविल्या.

याच सुमारास, शंभर किलोमीटरवरच्या कानश्टाटमध्ये गोटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख हेही स्वतंत्रपणे तेच काम करीत होते. डाइमलर आणि बेंझ यांची कधी भेट झाली नाही असे सांगतात. आम्ही शिक्षक मंडळी परीक्षेत विचारतो, अमुक गोष्टीचा शोध कोणी लावला, आणि एका नावाला गुण देतो. पण एकाच वेळी दोन डोकी एकच कोडे सोडवीत असतात हे त्या प्रश्नात बसत नाही. डाइमलर १९०० मध्ये वारले. त्यांच्या गाड्या फ्रान्समधील नीस येथे विकणारा एमिल येलिनेक हा व्हिएन्नाच्या एका विद्वान रब्बीचा, म्हणजे यहुदी धर्मगुरूचा, मुलगा. त्याने नव्या गाडीला आपल्या मुलीचे नाव द्यायला लावले. ती मर्सिडीज १९०१ मध्ये शर्यतीत उतरली आणि तिच्यापुढे बाकी साऱ्या गाड्या जुनाट दिसू लागल्या.

बेंझच्याही. कार्लला वेगाचे आकर्षण नव्हते, गाडी टिकाऊ आणि सुरक्षित असावी एवढेच तो मानी. विक्री घसरली, कंपनीच्या चालकांनी फ्रेंच इंजिनियर आणले, आणि १९०३ च्या जानेवारीत कार्ल कारभारातून बाजूला झाला. देखरेख मंडळावर त्याचे नाव अखेरपर्यंत राहिले एवढेच. मुलांबरोबर लाडेनबुर्ग येथे त्याने वेगळा छोटा कारखाना काढला, पण तो फार मोठा कधी झाला नाही. इकडे त्याच्या नावाच्या ब्लिट्झेन बेंझ गाडीने १९०९ मध्ये ताशी २०० किलोमीटरचा टप्पा ओलांडला. ज्याला वेग नको होता त्याचेच नाव वेगाला मिळाले! १९१४ मध्ये, सत्तराव्या वाढदिवशी, त्याच्या जुन्या तंत्रविद्यालयाने त्याला सन्माननीय डॉक्टर केले.

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत पैशाची किंमत मातीमोल झाली आणि दोन्ही कंपन्यांना एकट्याने तग धरणे कठीण झाले. २८ जून १९२६ रोजी त्या एक होऊन डाइमलर-बेंझ झाल्या. डाइमलरचा तारा, त्याभोवती बेंझची लॉरेलच्या पानांची माळ. कार्ल बेंझ ४ एप्रिल १९२९ रोजी लाडेनबुर्गच्या घरी वारला. जिचे नाव गाडीला मिळाले ती मर्सिडीज येलिनेकही त्याच वर्षी, फेब्रुवारीत, चाळिशीच्या आतच गेली होती.

त्यानंतरचे पान काळे आहे, आणि ते गाळून या कंपनीची कीर्ती सांगणे आम्हांस योग्य वाटत नाही. हिटलरच्या राजवटीत कंपनीने युद्धसामग्री बनविली आणि १९४४ मध्ये तिच्या कामगारांपैकी जवळजवळ अर्धे लोक बळजबरीने आणलेले परदेशी, युद्धकैदी आणि छळछावण्यांतील माणसे होती. १९४० मध्ये तर प्रचार मंत्रालयाने विश्वकोश छापणाऱ्यांना कळविले की मोटारीचा जनक म्हणून व्हिएन्नाच्या झीगफ्रीड मार्कुस यांचे नाव काढावे आणि डाइमलर व बेंझ यांचे घालावे. कारण मार्कुस यहुदी होते. पुढे झालेल्या तपासणीत मार्कुस यांची ती चारचाकी गाडी १८८८-८९ च्या सुमाराची ठरली, म्हणजे बेंझचा मान खराच होता. खऱ्या मानालाही अशा हुकमाची साथ मिळावी हे मेलेल्या माणसाचे दुर्दैव. १९८८ मध्ये कंपनीने छळ सोसलेल्यांसाठी दोन कोटी मार्क दिले.

भारताशी या नावाची गाठ ट्रकमुळे पडली. डिझेलवर चालणारा ट्रक १९२३-२४ च्या सुमारास प्रथम बनविणाऱ्यांत बेंझ कंपनीच अग्रेसर होती. १९५४ मध्ये टेल्को आणि डाइमलर-बेंझ यांचा पंधरा वर्षांचा करार झाला आणि जमशेदपुरात टाटा-मर्सिडीज-बेंझ ट्रक निघू लागले. ऊस, कांदा, सिमेंट, लग्नाचे वऱ्हाड, काय नाही वाहिले त्यांनी? १९६९ नंतर नाकावरचा तारा गेला आणि त्या जागी टाटांचे अक्षर आले, तरी गावकऱ्यांच्या तोंडी जुने नाव बरीच वर्षे राहिले. १९९४ मध्ये जर्मन कंपनी मोटारी बनविण्यासाठी पुण्याला आली, आणि २००९ पासून तिचा कारखाना चाकणला आहे.

बेर्था नवऱ्यामागे पंधरा वर्षे जगली. ३ मे १९४४ रोजी, तिच्या पंचाण्णवाव्या वाढदिवशी, कार्ल्सरूएच्या तंत्रविद्यालयाने तिला सन्माननीय सिनेटर केले. दोन दिवसांनी ती लाडेनबुर्गला वारली. २००८ पासून मानहाइम ते फोर्झहाइम आणि परत या वाटेला अधिकृतपणे तिचे नाव आहे. वीसलोखच्या त्या औषधाच्या दुकानापुढे तिच्या प्रवासाचे स्मारकही उभे आहे.