हवेची नाडी पाहणारे हकीम

शाबान संपला की रमजानचा चंद्र दिसतो. इस्लामी वैद्यकातले थोर हकीम अबू बक्र मुहम्मद बिन जकरिया अल-राझी यांचा जन्म आणि मृत्यू दोन्ही शाबान महिन्यातले, अशी नोंद अल-बिरूनी यांनी केली आहे. जन्म हिजरी २५१ म्हणजे इ.स. ८६५, मृत्यू हिजरी ३१३ म्हणजे इ.स. ९२५. गाव इराणातले रय. त्यावरूनच ते राझी.

तरुणपणी त्यांना किमयेचे वेड होते. रात्रंदिवस भट्टी, धूर आणि उग्र वाफा. त्यांनीच त्यांचे डोळे बिघडले आणि उपचार शोधता शोधता ते वैद्यकाकडे वळले, असे बिरूनी सांगतात. माणूस ज्या हवेत राबतो ती हवाच त्याला आजारी करू शकते, हा धडा त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिला होता.

पुढे ते रयच्या आणि मग बगदादच्या इस्पितळाचे प्रमुख झाले. बगदादेत नवे इस्पितळ बांधायचे ठरले, तेव्हा राझींनी शहराच्या निरनिराळ्या भागांत मांसाचे तुकडे टांगले. जिथले मांस सर्वांत उशिरा सडले, ती जागा त्यांनी निवडली, अशी गोष्ट प्रसिद्ध आहे. ती ज्या अझुदी इस्पितळाशी जोडली जाते, ते राझींच्या मृत्यूनंतर अर्ध्या शतकाने उभे राहिले. म्हणजे ही दंतकथाच म्हणायची. पण लोकांनी ती दुसऱ्या कुणाला न चिकटवता राझींनाच चिकटवली, कारण त्यांची कामाची रीतच तशी होती.

ती रीत त्यांच्या ग्रंथांत दिसते. देवी आणि गोवर यांतला फरक त्यांनी स्पष्ट मांडला. शिवाय कोणत्या ऋतूत, कसा वारा आणि पाऊस असताना देवीची साथ येते, हेही लिहून ठेवले. बल्खचे विद्वान अबू झैद यांना दर वसंतात गुलाबाच्या वासाने सर्दी होई. यावर राझींनी स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. पारा किती घातक हे पाहण्यासाठी त्यांनी माकडाला पारा पाजला. पोटदुखीपलीकडे फारसे काही झाले नाही. पण भट्टीत उडवून तयार केलेला पारा मात्र जीवघेणा ठरतो, असे त्यांनी नोंदवले. सरसामाच्या म्हणजे मेंदूज्वराच्या रोग्यांत काहींचे रक्त काढले, काहींचे मुद्दाम काढले नाही आणि दोन्हींची तुलना केली. रोग्यांच्या नोंदी ते कसोशीने ठेवत. स्वतःचा अंदाज चुकला, तर तेही लिहीत.

ज्यांना हकीम परवडत नाही किंवा जवळपास मिळत नाही, अशांसाठी त्यांनी वेगळे पुस्तक लिहिले. घरात सहज मिळणाऱ्या वस्तूंचे उपाय त्यात आहेत. अखेरच्या काळात मात्र त्यांची दृष्टी पुरती गेली. शस्त्रक्रियेसाठी आलेल्या वैद्याला त्यांनी डोळ्याचे पडदे किती, असे विचारले. त्याला उत्तर देता आले नाही, तेव्हा राझींनी शस्त्रक्रिया नाकारली, असे सांगतात.

त्यांचे रय आज तेहरान महानगरात सामावले आहे. हिवाळ्यात डोंगराच्या कुशीत धूर कोंडतो आणि कित्येकदा शाळा बंद ठेवाव्या लागतात. हवेत कोणते घातक कण किती आहेत, हे आता यंत्रे दर तासाला सांगतात. ते आकडे आणि दवाखान्यांतल्या दमेकऱ्यांची संख्या शेजारी शेजारी ठेवली, की दुखण्याचे मूळ कुठे आहे ते कळू लागते. आपल्याकडच्या अनेक लहान शहरांत मात्र असे एकही यंत्र नाही. कचरा जळतो, खाणीची धूळ उडते, मुले खोकतात. त्याची नोंद कुठेच होत नाही. मांसाचा तुकडा टांगलाच नाही, तर कुठली हवा सडवणारी आहे हे कळणार कसे?

रस्त्यातला काटा, दगड किंवा दुसऱ्याला इजा करणारी कोणतीही वस्तू बाजूला करणे, हेही इस्लाममध्ये दान मानले जाते. रमजानात जकात आणि सदका देताना या दानाची आठवण ठेवायला हवी. काटा डोळ्यांना दिसतो, हवेतले विष दिसत नाही. ते बाजूला करायचे तर आधी शोधावे लागते, मोजावे लागते आणि खरेखरे लिहून ठेवावे लागते. राझींनी आयुष्यभर तेच काम केले.