व्हॅन गॉग वेडा होता म्हणून मोठा झाला? आर्लमधला त्याचा रोजचा दिवस वेगळंच काहीतरी सांगतो

व्हॅन गॉगचं नाव काढलं की दोन गोष्टी लगेच आठवतात. एक सूर्यफुलं आणि दुसरी म्हणजे कापलेला कान. मोबाईलच्या कव्हरपासून कॉफीच्या मगापर्यंत त्याची चित्रं सगळीकडे दिसतात. त्याच्यावरची एखादी रील समोर आली की तिच्यात हमखास एक गोष्ट सांगितलेली असते. काय, तर माणूस वेडा होता, म्हणूनच एवढी भारी चित्रं काढू शकला.

ऐकायला हे छान वाटतं. पण ज्या काळात त्याने ही चित्रं काढली, त्या काळात तो सकाळी उठून काय करायचा, कुठे जेवायचा, पैसे कशावर खर्च करायचा हे बघितलं की ही थिअरी डळमळायला लागते. आणि हे आपल्याला बघता येतं, कारण तो धाकट्या भावाला सतत पत्रं लिहायचा. कधीकधी तर आठवड्यातून तीन-चार. त्या पत्रांत रंगांच्या ट्यूबपासून पावाच्या उधारीपर्यंत सगळं आहे.

तर बघूया, परक्या देशातल्या एका छोट्या गावात व्हॅन गॉगचा दिवस कसा जायचा.

हॉलंडचा माणूस फ्रान्सच्या टोकाला कसा पोहोचला?

व्हिन्सेंट व्हॅन गॉगचा जन्म ३० मार्च १८५३ चा, नेदरलँड्समधल्या झुंडर्ट गावातला. वडील चर्चमध्ये पाद्री. वयाच्या १६ व्या वर्षी तो चित्रं विकणाऱ्या एका कंपनीत नोकरीला लागला. हेग, लंडन, पॅरिस अशा शाखा फिरला आणि शेवटी नोकरी गेली. मग शाळेत शिकवून झालं, पुस्तकांच्या दुकानात काम करून झालं, बेल्जियममधल्या कोळसा खाणीतल्या मजुरांमध्ये धर्मप्रचार करून झाला. काहीच जमलं नाही. चित्रकार व्हायचं त्याने ठरवलं तेव्हा तो २७ वर्षांचा होता.

१८८६ मध्ये तो पॅरिसला धाकट्या भावाकडे, थिओकडे राहायला आला. थिओ तिथे चित्रांच्या व्यवहारात चांगल्या नोकरीवर होता. पॅरिसमध्ये व्हिन्सेंटची ओळख नव्या पद्धतीने रंगवणाऱ्या चित्रकारांशी झाली आणि त्याची काळपट, मातकट चित्रं उजळायला लागली. पण दोन वर्षांत त्या शहराने आणि तिथल्या दारूने तो पार थकून गेला.

त्याच काळात त्याला जपानी छापचित्रांचं वेड लागलं होतं. तसा लख्ख उजेड आणि तसे स्वच्छ रंग फ्रान्सच्या दक्षिणेला मिळतील असं त्याला वाटत होतं. २० फेब्रुवारी १८८८ ला तो रेल्वेने आर्ल या गावात उतरला. उन्हाच्या ओढीने आलेल्या या माणसाचं स्वागत केलं बर्फाने.

आर्लमध्ये त्याच्या ओळखीचं कोणीच नव्हतं. त्याला फ्रेंच चांगलं यायचं, पण तिथली माणसं आपसात प्रोव्हांसाल बोलायची. सुरुवातीला तो एका हॉटेलात राहिला. तिथे बिलावरून वाद झाला, प्रकरण न्यायाधीशापर्यंत गेलं आणि त्याने बिलातले १२ फ्रँक कमी करून घेतले. मे महिन्यात त्याने महिना १५ फ्रँक भाड्याने चार खोल्यांची जागा घेतली. हेच ते प्रसिद्ध पिवळं घर. पण आत फर्निचर नव्हतं. त्यामुळे सप्टेंबरपर्यंत काम त्या घरात आणि झोप स्टेशनजवळच्या एका कॅफेत, अशी व्यवस्था होती.

सकाळी : पाठीवर सामान आणि चालायला सुरुवात

हवा चांगली असेल तर तो सकाळी लवकर बाहेर पडायचा. इझल, कॅनव्हास, रंगांची पेटी आणि डोक्यावर गवती हॅट. गाडीघोडा नाही. कालव्यावरचा उचलता येणारा पूल, फळबागा, गव्हाची शेतं, सगळीकडे पायीच. गावापासून चार-पाच किलोमीटरवर माँमाजूर नावाची टेकडी आहे. तिथे आपण पन्नासएक वेळा जाऊन आलो, असा हिशोब त्याने जुलैमध्येच भावाला कळवला होता.

कोणत्या दिवशी काय रंगवायचं हे ऋतू ठरवायचा. मार्च-एप्रिलमध्ये फळझाडं फुलली, तेव्हा त्याने एकामागून एक बागा रंगवल्या. फुलं गळायच्या आत काम उरकायचं होतं. जूनमध्ये गव्हाची कापणी सुरू झाली तेव्हा तो भर उन्हात, सावलीशिवाय शेतात उभा असायचा. ऑगस्टमध्ये सूर्यफुलं आली. तोडलेली फुलं लवकर माना टाकतात, म्हणून तो सूर्य उगवल्या उगवल्या कामाला लागायचा. जगातली बहुधा सर्वांत प्रसिद्ध फुलं अशी घाईघाईत रंगवली गेली आहेत.

आणि वारा! या भागात मिस्त्राल नावाचा वारा उत्तरेकडून ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून सुटतो. थंड, कोरडा आणि इतका जोरदार की इझल उभंच राहत नाही. व्हॅन गॉगने यावर साधा उपाय काढला. इझलचे पाय जमिनीत रोवायचे, शेजारी अर्धा मीटर लांबीच्या लोखंडी खुंट्या ठोकायच्या आणि सगळं दोरीने करकचून बांधायचं. ही युक्ती त्याने पत्रातून मित्रालाही सांगितली.

तेलरंग संपले की तो रिकामा बसायचा नाही. तिथे कालव्याकाठी वेत उगवायचे. ते कापून तो बोरूसारखी लेखणी करायचा आणि शाईने चित्रं काढायचा. त्याच्या शाईच्या चित्रांत ठिपके आणि तुटक रेषा दिसतात ना, त्या या बोरूच्या.

दुपारी : पाव, दूध आणि कॉफी

जेवण हा त्याच्या दिवसातला सर्वांत कच्चा भाग. शेतात असेल तर तो पाव आणि थोडं दूध यावर भागवायचा, कारण गावात परत जायला वेळ नसायचा. गावात असेल तर एखाद्या स्वस्त खानावळीत. ऑक्टोबर १८८८ मध्ये तर एकदा चार दिवस तो २३ कप कॉफी आणि उधारीच्या पावावर राहिला होता. त्यात तंबाखू आणि दारूची भर. शरीर किती दिवस साथ देणार?

इथे आपल्याला वाटतं, बिचारा गरीब होता. पण जरा आकडे बघा.

१५० फ्रँक जायचे कुठे?

थिओ त्याला महिन्याला साधारण १५० फ्रँक पाठवायचा, शिवाय पॅरिसहून रंग आणि कॅनव्हास वेगळे. आता आर्लच्या स्टेशनवर टपालाचं काम बघणाऱ्या जोसेफ रूलँशी तुलना करा. लांब दाढी आणि निळा गणवेश असलेला हा माणूस तुम्ही चित्रांत बघितला असेल. व्हिन्सेंटच्याच सांगण्यानुसार रूलँचा पगार होता महिना १३५ फ्रँक. तेवढ्यात बायको आणि तीन मुलांचा संसार चालायचा.

म्हणजे एकट्या माणसाला ही रक्कम पुरायला हवी होती. पण चित्रासमोर बसणाऱ्या माणसांना पैसे, फ्रेम, घराची रंगरंगोटी, कॅफेतलं पिणं आणि सतत लागणारे रंग यात ती उडून जायची. त्याच्या चित्रांवर रंगाचे थर किती जाड असतात हे आपण बघतोच. ट्यूबच्या ट्यूब संपायच्या. किराणा मालाची यादी असते तशी रंगांची यादी तो पत्रात लिहायचा : हा पिवळा इतक्या मोठ्या ट्यूब, तो पांढरा तितक्या. पोटाचे पैसे रंगात जायचे.

यामागे एक बोचही होती. तो थिओच्या पैशांना मदत म्हणत नव्हता. दोघांचा व्यवहार ठरलेला होता, पैसे थिओचे आणि चित्रं थिओच्या मालकीची. चित्रं तर विकली जात नव्हती. म्हणजे भावाचं कर्ज रोज वाढत होतं आणि ते फेडायचा एकच रस्ता त्याला दिसत होता, आणखी चित्रं काढणं. तयार कॅनव्हास तो पॅरिसला पाठवत राहायचा. ऑगस्टमध्ये त्याचा ओळखीचा एक सैनिक अधिकारी पॅरिसला निघाला होता, तर त्याच्याकडे त्याने एकदम ३६ चित्रांची गुंडाळी दिली. आर्लमध्ये येऊन तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते!

रात्री : पत्रं, पुस्तकं आणि कॅफे

अंधार पडला की पत्रं लिहायची वेळ. दिवसभरात काय रंगवलं, कुठे कोणता रंग वापरला, हे तो पत्रात छोटं चित्र काढून समजावायचा. झोला, मोपासाँ, दोदे अशा लेखकांची पुस्तकं वाचायचा.

पण रात्रही त्याने कामातून सोडली नाही. सप्टेंबरमध्ये आपण राहतो त्या कॅफेचं आतलं चित्र काढायला तो सलग तीन रात्री जागला आणि दिवसा झोपला. कॅफेची उजळलेली गच्ची आणि ऱ्होन नदीवरचं चांदणं ही चित्रंही त्याच महिन्यातली. चांदणं त्याने नदीकाठी, गॅसच्या दिव्याखाली उभं राहून रंगवलं. पुढे त्याने घरातही गॅसचे दिवे बसवून घेतले. कशासाठी, तर हिवाळ्यात लवकर अंधार पडला तरी काम थांबू नये.

दोन चित्रकार, एक गल्ला

त्याला पिवळ्या घरात चित्रकारांची वसाहत करायची होती. त्या आशेवर त्याने दोन पलंग आणि बारा खुर्च्या घेतल्या. बारा! प्रत्यक्षात आला एकच, पॉल गोगँ. तारीख २३ ऑक्टोबर १८८८.

गोगँने येताच घरखर्चाला शिस्त लावली. नंतरच्या आठवणींत त्याने लिहिलंय की पैसे एका पेटीत ठेवायचे, ज्याने घेतले त्याने शेजारच्या कागदावर आकडा लिहायचा. स्वयंपाक गोगँकडे, बाजारहाट व्हिन्सेंटकडे. एकदा व्हिन्सेंटने सूप करून बघितलं, ते खाण्यालायक झालं नाही आणि तो प्रयोग तिथेच संपला.

पण चित्रांवरून दोघांचं पटेना. गोगँ आठवणीतून आणि कल्पनेतून रंगवायचा, व्हिन्सेंटला समोर काहीतरी हवं असायचं. त्यात डिसेंबरच्या पावसाने दोघं घरात अडकले. २३ डिसेंबरच्या रात्री व्हिन्सेंटने स्वतःचा कान कापला. गोगँ पॅरिसला निघून गेला आणि व्हिन्सेंटला दवाखान्यात दाखल केलं गेलं.

मग आजाराने चित्रं दिली की नाही?

त्याला नेमका कोणता आजार होता यावर डॉक्टरांमध्ये आजही एकमत नाही. पण तो कधी रंगवत होता आणि कधी नाही, हे मात्र आपल्याला माहीत आहे.

बागा, गहू, सूर्यफुलं, रात्रीचा कॅफे, पिवळं घर, त्याची खोली, हे सगळं पहिल्या झटक्याच्या आधीचं आहे. झटका आला की काम बंद पडायचं. ७ जानेवारी १८८९ ला तो घरी परतला आणि पट्टी बांधलेल्या कानासह पुन्हा इझलसमोर उभा राहिला. फेब्रुवारीत आजार उलटला. मग शेजाऱ्यांपैकी तीसेक जणांनी सह्या करून त्याला बंदिस्त ठेवायची मागणी केली आणि पोलिसांनी पिवळं घर बंद केलं. ज्या गावाला त्याने आपलं मानलं, त्या गावाने त्याला बाहेरचाच ठेवलं.

८ मे १८८९ ला तो स्वतःच्या इच्छेने जवळच्या सॅं-रेमीतल्या मनोरुग्णालयात दाखल झाला. तिथल्या एका झटक्यात त्याने रंग खाण्याचा प्रयत्न केला, तेव्हा रंग त्याच्यापासून लांब ठेवावे लागले. बरं वाटलं की तो पुन्हा काम करू देण्याची विनंती करायचा. काम हाच आपल्यावरचा उपाय आहे, असं त्याचं मत होतं. तिथल्या वर्षभरात साधारण १५० चित्रं झाली, त्यात प्रसिद्ध ‘तारांकित रात्र’सुद्धा. म्हणजे आजार चित्रं देत नव्हता, उलट चित्रांचे दिवस हिरावून घेत होता.

आर्लचे सुमारे १५ महिने, साधारण २०० चित्रं आणि शंभराहून जास्त रेखाटनं. खुंट्या ठोकून, उपाशी राहून, ऋतूशी शर्यत लावून केलेलं हे काम आहे. या दिनक्रमाचं कौतुक करताना एक गोष्ट विसरू नये, त्याने शरीराची फार किंमत मोजली. ना धड जेवण, ना धड झोप. ते काही अनुकरण करण्यासारखं नाही. पण सगळं श्रेय वेडाला देऊन टाकलं तर दोन अन्याय होतात. एक त्याच्या मेहनतीवर, आणि दुसरा आज मानसिक आजाराशी झगडणाऱ्या माणसांवर, ज्यांना वाटायला लागतं की उपचार घेतले तर आपल्यातली कला जाईल. व्हॅन गॉग स्वतः उपचार मागायला गेला होता.

२९ जुलै १८९० ला, वयाच्या ३७ व्या वर्षी तो गेला. सहा महिन्यांत थिओही गेला. मागे राहिली ती थिओची बायको योहाना, कडेवर तान्हं बाळ आणि घरभर न विकलेली चित्रं. तिने चित्रं जपली, प्रदर्शनं भरवली आणि १९१४ मध्ये व्हिन्सेंटने थिओला लिहिलेली पत्रं छापून आणली. आज ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग म्युझियमच्या पुढाकाराने ही सगळी पत्रं इंटरनेटवर मोफत वाचता येतात. कधीतरी उघडून बघा. कानाबद्दल फार थोडं सापडेल. पिवळ्या रंगाच्या किती ट्यूब लागतील, हे मात्र पुन्हा पुन्हा सापडेल.