आर्किमिडीज : मुकुटाच्या गोष्टीपलीकडे

न्हाणीतून उठून तसाच रस्त्याने धावत सुटलेला विद्वान, एवढीच आर्किमिडीजची आपल्याला शाळेपासून ओळख. गोष्ट मजेदार आहे खरी. पण तिच्यापायी त्याचे मोठे काम झाकले गेले, असे आम्हाला वाटते.

इ.स.पूर्व 287 च्या सुमारास सिसिली बेटावरच्या सिराक्यूज या ग्रीक नगरात तो जन्मला. वडील फिडियस ग्रहताऱ्यांचे अभ्यासक. राजा हिएरोशी त्याचा घरोबा होता. अलेक्झांड्रियाच्या विद्वानांना तो आपले सिद्धांत पत्राने कळवीत असे.

राजाच्या मुकुटात सोनाराने चांदी मिसळली की काय, हे मुकुट न मोडता सांगायचे होते. गोष्टीतला आर्किमिडीज काठोकाठ भरलेल्या भांड्यात आधी मुकुटाच्या वजनाइतके सोने आणि मग मुकुट बुडवून सांडलेले पाणी मोजतो. रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियसने हे लिहिले ते सुमारे दोनशे वर्षांनंतर. आपण हिशेब करून पाहू. एक किलो शुद्ध सोने साधारण 52 घनसेंटिमीटर जागा घेते. त्यातले 300 ग्रॅम काढून तेवढी चांदी घातली, तर 65. वजन तेच, पण चांदीची घनता कमी म्हणून जागा जास्त. फरक 13 घनसेंटिमीटरचा, म्हणजे चहाचे जेमतेम अडीच चमचे पाणी! 20 सेंटिमीटर रुंद भांड्यात पातळीचा फरक अर्धा मिलिमीटरही नाही. 1586 साली 22 वर्षांच्या गॅलिलिओलाही ही रीत ढोबळच वाटली होती. मुकुट आणि सोने तराजूला टांगून दोन्ही पाण्यात बुडवली असणार, असे त्याने सुचवले. मग मुकुटाचे पारडे वर उचलले जाते, आणि तेही 13 ग्रॅमने. तोळ्याहून जास्त फरक कोणत्या सोनाराच्या काट्याला कळणार नाही?

असे का होते? विहिरीतून घागर शेंदताना ती पाण्याखाली असेतो हलकी लागते, बाहेर येताच हाताला ओढ बसते. वस्तू जेवढे पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका तिला आधार मिळतो. हे आर्किमिडीजने ‘तरंगणाऱ्या वस्तूंविषयी’ या ग्रंथात सिद्ध केले. त्यात मुकुटाचा उल्लेखही नाही. लोखंडी खिळा आपल्या वजनाएवढे पाणी सारू शकत नाही, म्हणून बुडतो. पोकळ जहाज सारते, म्हणून तरंगते. ग्रंथाच्या दुसऱ्या भागात तर तो आणखी पुढे जातो. खोल वाटीच्या आकाराचा भरीव ठोकळा तिरका तरंगत सोडला, तर सरळ होईल की कललेलाच राहील? जहाज बांधणाऱ्यांना हाच प्रश्न आजही सोडवावा लागतो.

रोमनांनी सिराक्यूजला वेढा घातला तेव्हा त्याच्या यंत्रांनी त्यांना बराच काळ थोपवले. इ.स.पूर्व 212 मध्ये नगर पडले. सेनापती मार्सेलसला तो जिवंत हवा होता, तरी एका सैनिकाने त्याला मारले. पुढे काटेरी झुडपांत हरवलेली त्याची समाधी सिसेरोने शोधून काढली. तीही आता नाही.

ग्रंथही जवळजवळ गेलाच होता. दहाव्या शतकातली एक चर्मपत्री प्रत तेराव्या शतकात खरवडून तिच्यावर प्रार्थना लिहिल्या गेल्या. 1906 साली डॅनिश अभ्यासक हायबर्ग यांना कॉन्स्टँटिनोपलमध्ये त्या प्रार्थनांखालची पुसट अक्षरे वाचता आली. तरंगण्याविषयीच्या या ग्रंथाची मूळ ग्रीक भाषेतली तेवढी एकच प्रत आज उरली आहे.