परार्धापर्यंत मोजणारे भास्कराचार्य

कन्नडचा घाट उतरून चाळीसगावच्या वाटेला लागले, की सह्याद्रीच्या कुशीत पाटण नावाचे गाव आहे. तेथील देवीच्या देवळात एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांना एक शिलालेख आढळला. इ. स. १२०७ चा हा लेख थोर गणिती भास्कराचार्य यांच्या घराण्याची हकीकत सांगतो.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ चा. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ हा ग्रंथ पूर्ण केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग. पुढे एकोणसत्तराव्या वर्षी त्यांनी ‘करणकुतूहल’ रचले. उतारवयातही ही लेखणी थकली नव्हती.

मी कला शाखेचा विद्यार्थी. गणिताशी माझी फारकत शाळेतच झाली. तरी गेल्या वर्षी एका दैनिकात भाषांतराचे काम करताना मला लीलावती उघडावी लागली. इंग्रजी बातमीत कर्जाचा आकडा बिलियन-ट्रिलियनमध्ये येई. तो मराठीत कसा लिहावा? एक शून्य इकडेतिकडे झाले, तर गावाकडच्या वाचकाने सरकारला हिशेब तरी कसा विचारावा?

लीलावतीच्या आरंभीच आचार्यांनी अठरा स्थानांची नावे दिली आहेत : एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि परार्ध. प्रत्येक नाव मागल्याच्या दहापट. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. ही नावे पूर्वसूरींनी व्यवहारासाठी ठेवली, असेही ते नमूद करतात. मला त्यात आचार्यांचा मोठेपणा दिसतो. नावांना त्यांनी गूढ मानले नाही, सोय मानले.

कारण नावे बदलतात. यजुर्वेदातील परार्ध एकावर बारा शून्यांचा आहे, आचार्यांचा सतरांचा. त्यांचे अर्बुद म्हणजे दहा कोटी. त्याच शब्दातून आलेला हिंदीतील अरब शंभर कोटींचा. आपले खर्व म्हणजे हजार कोटी, तर हिंदीतील खरब दहा हजार कोटी. आपला करोड इराणात गेला आणि तेथे पाच लाखांवर उतरला! इंग्रजांचीही तीच गत. ब्रिटनमध्ये बिलियन म्हणजे पूर्वी लाख कोटी. १९७४ मध्ये तेथील सरकारने अमेरिकी रीत स्वीकारली आणि तो शंभर कोटींचा, म्हणजे आपल्या अब्जाएवढा झाला. जर्मनीत मात्र बिलियन आजही लाख कोटींचाच आहे. तेव्हा भाषांतर करताना नावापेक्षा शून्ये मोजावीत, हे मी आचार्यांकडून शिकलो. लाख कोटींना त्यांच्याकडे महापद्म असे एकच नाव होते. आपण मात्र आज लाखाला कोटी जोडून काम भागवतो.

आचार्यांची विद्या त्यांच्याबरोबर संपली नाही. पुत्र लक्ष्मीधर यांना यादवराजा जैत्रपालाने आपल्या दरबारी नेले. नातू चांगदेव सिंघण यादवाचे ज्योतिषी झाले. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्यांनी पाटणला मठ स्थापला. तो शिलालेख त्याचाच. आपण सहलीला जातो तो देवगिरीचा किल्ला याच यादवांचा.

पुढे १५८७ मध्ये अकबराच्या दरबारी फैजीने लीलावती फारसीत आणली. शाहजहानच्या काळात अताउल्लाने बीजगणिताचा फारसी अनुवाद केला. हा अताउल्ला ताजमहालाच्या शिल्पकाराचा, उस्ताद अहमद लाहोरींचा पुत्र. आणि आपल्या शहरातील बीबी का मकबऱ्याचा वास्तुकारही तोच. एकाच हाताने आचार्यांचे गणित परभाषेत नेले आणि आपल्या शहरावर घुमट उभारला. अक्षरे बदलली, भाषा बदलली. गणित तेच राहिले.

मकबऱ्याकडे पाहताना आपण ताजमहालाची आठवण काढतो. यापुढे पाटणच्या त्या आचार्यांचीही काढावी, एवढेच माझे सांगणे आहे.